अनुमस्तिष्क हालचाल सुरू करत नाही, मग ते नेमके काय करते?

विज्ञानवर्ग

नमस्कार. मी मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. मध्यवर्ती चेतासंस्थेचा भाग शिकवताना अनुमस्तिष्काविषयी, म्हणजे लहान मेंदूविषयी, आम्ही दोनच गोष्टी सांगतो: ते ऐच्छिक हालचालींमध्ये सुसूत्रता आणते आणि शरीराचा तोल सांभाळते. परीक्षेत एवढे लिहिले की गुण मिळतात, त्यामुळे त्यापुढे सहसा कोणी विचारत नाही. यंदा एका विद्यार्थिनीने विचारले, "बाई, हात हलवण्याचा हुकूम प्रमस्तिष्काकडून (मोठ्या मेंदूकडून) सुटतो आणि तोल गेल्याची खबर अंतर्कर्णाकडून येते. मग अनुमस्तिष्काच्या वाट्याला काम उरते कोणते?" मी तिला सुसूत्रतेचा अर्थ उदाहरणांनी समजावून सांगितला, परंतु ती सुसूत्रता आणली कशी जाते, हे तिला हवे होते आणि ते माझ्या उत्तरात नव्हते.

त्यातूनच आणखी दोन शंका निघाल्या. मेंदूतल्या बहुसंख्य चेतापेशी अनुमस्तिष्कातच असतात, असे एका मुलाने कुठेतरी वाचले आहे. हे खरे असेल, तर एवढ्या लहान अवयवाला एवढ्या पेशी कशासाठी लागतात? दुसरी शंका बाजूंविषयीची आहे. प्रमस्तिष्काचा उजवा भाग शरीराच्या डाव्या बाजूवर नियंत्रण ठेवतो, हे मुलांना पाठ आहे, पण अनुमस्तिष्काला इजा झाली तर त्रास त्याच बाजूच्या हातापायांत होतो, असे म्हणतात. असे का व्हावे?

या विषयातल्या जाणकारांनी, शक्य असल्यास वर्गात करून दाखवता येईल अशा एखाद्या प्रयोगासह, उत्तर द्यावे अशी विनंती आहे.

चेतातंतू

ताई, आपल्या विद्यार्थिनीने थेट गाभ्याला हात घातला आहे. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो आणि अनुमस्तिष्काचे पहिले व्याख्यान याच प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो सुटला की बाकीची रचना पाठ करावी लागत नाही, ती समजते.

१८०९ मध्ये इटलीच्या लुइजी रोलांदो यांनी असे मांडले होते की हालचालीची शक्ती अनुमस्तिष्कातच निर्माण होते. एकाला एक लागून असलेले त्याचे पातळ पापुद्रे पाहून त्यांना व्होल्टाचा विद्युतघट आठवला, आणि तो घट त्या काळात अगदी नवा होता. पुढे १८२४ मध्ये फ्रान्सच्या प्येर फ्लुराँस यांनी कबुतरांच्या अनुमस्तिष्काचे थर एकेक करून काढले, तेव्हा वेगळेच दिसले. पक्ष्याला दिसत होते, ऐकू येत होते, धोका जाणवला की तो निसटण्याची धडपडही करत होता; पंख हलत होते आणि पायही हलत होते, परंतु त्या हालचालींचा एकमेकींशी मेळ उरला नव्हता, त्यामुळे त्याला धड उभे राहता येईना, चालता येईना की उडता येईना. इच्छा आणि ताकद दोन्ही शाबूत असताना मेळ तेवढा नाहीसा होऊ शकतो, हे त्या प्रयोगांनी दाखवून दिले.

माणसांतला सर्वांत बारकाईचा पुरावा पहिल्या महायुद्धात मिळाला. गॉर्डन होम्स या ब्रिटिश चेतातज्ज्ञांनी डोक्याच्या मागच्या बाजूला गोळी किंवा तोफगोळ्याची कपची लागलेल्या सैनिकांना तपासून १९१७ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांच्या एका रुग्णाच्या अनुमस्तिष्काला उजव्या बाजूला इजा झाली होती. त्याचे सांगणे असे होते की डावा हात आपोआप हलतो, मात्र उजव्या हाताची प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. आपल्या विद्यार्थिनीला उत्तर म्हणून हे एक निरीक्षण सांगितले तरी निम्मे काम होईल. हुकूम देणारा प्रमस्तिष्काचा भाग त्या रुग्णात सुरक्षित होता आणि हातही सुरक्षित होता. हुकूम आणि हात यांच्या दरम्यान जे काम नकळत उरकले जाते, ते करणारे कोणी उरले नव्हते.

ते काम कोणते? समजा, आपण टेबलावरचा पेला उचलायला हात पुढे केला. हात कुठवर पोहोचला ही माहिती डोळ्यांकडून मेंदूला मिळून तिच्यावरून हालचालीत दुरुस्ती व्हायला सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्यात चपळ हात पुष्कळ पुढे गेलेला असतो. म्हणजे चूक दिसल्यावर सुधारायची असे ठरवले, तर प्रत्येक जलद हालचाल आधी निशाण्यापलीकडे जाईल, मग अलीकडे येईल आणि असे हेलकावे खात राहील. यावर उपाय एकच आहे: हुकूम सुटताक्षणी त्याचा परिणाम काय होणार याचा अंदाज बांधायचा आणि चूक घडण्याआधीच हुकुमाला मुरड घालायची. प्रमस्तिष्काने स्नायूंना दिलेल्या हुकुमाची एक प्रत, मेंदूला मेरुरज्जूशी जोडणाऱ्या मस्तिष्कस्तंभातल्या पॉन्स या भागामार्गे, अनुमस्तिष्काकडे येते. सांधे आणि स्नायू या क्षणी कोणत्या स्थितीत आहेत, ही खबर मेरुरज्जूतून येते. डोके कसे वळते आहे, हे अंतर्कर्ण कळवतो. या तिन्हींवरून पुढच्या क्षणाचे अनुमान करणे आणि ते अनुमान चुकले तर पुढच्या वेळेसाठी ते सुधारून ठेवणे, हे अनुमस्तिष्काचे काम आहे. तोल सांभाळणे हा त्याचाच एक प्रकार आहे, कारण शरीर कलंडल्यावर सावरायला निघालेला माणूस बहुधा पडतो. उभ्याने हात पुढे करण्याआधीच आपल्या पायांचे स्नायू ताणले जातात, आणि त्या पूर्वतयारीच्या वेळेचा मेळ राखण्यात अनुमस्तिष्काचा मोठा वाटा असतो.

आता वर्गात करण्याजोगा प्रयोग सांगतो. मुलांना पुस्तक हातभर अंतरावर स्थिर धरायला सांगावे आणि "नाही" म्हणताना हलवतो तसे डोके डावीउजवीकडे भराभर हलवत एक ओळ वाचायला लावावी. ओळ वाचता येते. मग डोके स्थिर ठेवून पुस्तक तितक्याच वेगाने हलवावे, अक्षरे फिसकटतात. डोळा आणि पुस्तक यांच्यातली हालचाल दोन्ही वेळा सारखीच असते, तरीही फरक पडतो, कारण पहिल्या वेळी अंतर्कर्णाकडून निघालेला संदेश सुमारे १० मिलिसेकंदांत डोळ्यांना उलट दिशेला वळवतो, तर दुसऱ्या वेळी डोळ्यांना पुस्तकाचा पाठलाग करावा लागतो आणि तो मार्ग मंद आहे. हा जलद प्रतिक्षेप मस्तिष्कस्तंभातच घडतो, त्याला अनुमस्तिष्काची गरज लागत नाही. परंतु डोळे किती वळायचे याचे प्रमाण मात्र अनुमस्तिष्क ठरवते. नव्या नंबराचा चष्मा लागला की सुरुवातीला जमीन हलल्यासारखी वाटते, कारण भिंगामुळे प्रतिमेचा आकार बदलतो आणि जुने प्रमाण लागू पडत नाही. प्रतिमा दृष्टिपटलावर घसरते आहे, ही चूक अनुमस्तिष्काच्या फ्लॉक्युलस या छोट्या भागाला कळवली जाते, आणि चष्मा वापरता वापरता ते प्रमाण बदलले जाते. प्राण्यांमध्ये हा भाग काढून टाकला, तर डोळ्यांची प्रतिक्षेपी हालचाल चालू राहते, पण ती नव्या चष्म्याशी जुळवून घेत नाही. ज्या मुलांना चष्मा आहे, त्यांना हे लगेच पटेल.

रचनेविषयी. कवटीच्या मागच्या खालच्या खोलगट भागात, प्रमस्तिष्काच्या पश्चखंडाखाली, अनुमस्तिष्क असते आणि त्या दोहोंमध्ये आवरणाचा एक ताठ पडदा असतो. त्याच्या पुढे पॉन्स आणि मस्तिष्कपुच्छ येतात, आणि मधल्या जागेत मेंदूतल्या द्रवाची चौथी पोकळी असते. मध्यभागी व्हर्मिस नावाचा अरुंद पट्टा आणि दोन्ही बाजूंना दोन गोलार्ध, असे त्याचे बाह्यरूप आहे. व्हर्मिस धड आणि चालणे यांच्याशी निगडित आहे, तिच्या लगतचा पट्टा हातापायांशी, तर गोलार्धांचे बाहेरचे विस्तीर्ण भाग हालचालींच्या आखणीशी. डोळे आणि तोल यांचा भाग तळाशी असतो. तीन जोड्यांच्या जाड तंतुगुच्छांनी ते मस्तिष्कस्तंभाला जोडलेले असते: मधल्या जोडीतून केवळ संदेश आत येतात, वरच्या जोडीतून मुख्यतः बाहेर जातात आणि खालच्या जोडीतून दोन्ही घडते. आत खोलवर चेतापेशींचे करडे पुंजके असतात, त्यांना केंद्रके म्हणतात. अनुमस्तिष्काला बाहेर जे कळवायचे असते, ते बहुतेक सारे या केंद्रकांतूनच जाते.

आता पेशींची संख्या. त्या मुलाने वाचले ते खरे आहे. २००९ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी केलेल्या मोजणीनुसार माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात, आणि त्यांपैकी सुमारे ६९ अब्ज अनुमस्तिष्कात असतात. त्याचे वजन मात्र सुमारे १५० ग्रॅम, म्हणजे मेंदूच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढे असते. हे शक्य होते, कारण यातल्या जवळपास सगळ्या पेशी ग्रॅन्यूल पेशी नावाच्या अत्यंत सूक्ष्म पेशी आहेत, आणि पृष्ठभागावर इतक्या बारीक घड्या आहेत की त्या सगळ्या उलगडल्या तर त्याचे क्षेत्रफळ प्रमस्तिष्काच्या पृष्ठभागाच्या सुमारे ७८ टक्के भरते.

एवढ्या पेशी कशासाठी, याचे उत्तर पर्किंजे पेशीत आहे. यान पुर्किन्ये यांनी १८३७ मध्ये वर्णन केलेली ही पेशी सूक्ष्मदर्शकाखाली एकदा तरी पाहावी अशी आहे. तिच्या शाखा एकाच प्रतलात, जाळी पडलेल्या पिंपळाच्या पानासारख्या पसरलेल्या असतात, आणि ग्रॅन्यूल पेशींचे तंतू त्या प्रतलाला काटकोनात छेदून जातात. एका पर्किंजे पेशीवर असे एक ते दोन लाख तंतू संदेश देतात. या क्षणी शरीर कसे आहे, कोणता हुकूम सुटला आहे, काय दिसते आहे, यांच्या असंख्य बारीक संयोगांपैकी प्रत्येक संयोग वेगळा ओळखता यावा म्हणून ग्रॅन्यूल पेशींची संख्या एवढी प्रचंड असावी, असे मानले जाते. याउलट, मस्तिष्कपुच्छातल्या ऑलिव्ह नावाच्या केंद्रकातून येणारा तंतू प्रत्येक पर्किंजे पेशीच्या वाट्याला एकच येतो. तो तिला वेढून वर चढतो, आणि सेकंदाला साधारण एकदाच, पण अतिशय जोरकस संदेश देतो. १९६९ मध्ये डेव्हिड मार आणि १९७१ मध्ये जेम्स आल्बस यांनी असा सिद्धान्त मांडला की हा एकटा तंतू पर्किंजे पेशीला शिकवणारा आहे. आल्बस यांच्या मते, चूक झाली की हा तंतू संदेश देतो आणि त्या वेळी जागे असलेल्या ग्रॅन्यूल तंतूंचे पर्किंजे पेशीवरचे वजन, म्हणजे त्यांच्या संदेशाचा प्रभाव, घटते. जपानच्या मासाओ इतो यांनी १९८२ मध्ये प्रयोगाने असे वजन घटते हे दाखवून दिले. शिकणे केवळ याच एका जागी होते असे आज कोणी म्हणत नाही, पण चुकीतून सुधारणारी यंत्रणा म्हणून अनुमस्तिष्काकडे पाहण्याची दृष्टी तिथून आली आणि ती टिकली आहे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की पर्किंजे पेशी केवळ रोखण्याचेच काम करते: खोलवरची केंद्रके सतत संदेश पाठवत असतात आणि कोणत्या क्षणी त्यांना किती दाबायचे, एवढेच ती ठरवते.

शेवटची शंका बाजूंची. अनुमस्तिष्काच्या उजव्या गोलार्धातून निघालेले तंतू मध्यमस्तिष्कात बाजू ओलांडतात आणि मेंदूच्या मध्यभागातल्या थॅलॅमस या केंद्रामार्गे प्रमस्तिष्काच्या डाव्या भागाला जाऊन मिळतात. प्रमस्तिष्काच्या डाव्या भागाचा हुकूम मस्तिष्कपुच्छात पुन्हा बाजू ओलांडून उजव्या हातापायांकडे जातो. दोनदा ओलांडल्यामुळे संदेश मूळच्याच बाजूला येतो. फळ्यावर दोन फुल्या काढून दाखवल्या की मुलांना हे कायमचे लक्षात राहते.

पायवाट

हा धागा वाचून लिहावेसे वाटले. माझ्या आईचे वय ५८ आहे. गेल्या काही वर्षांपासून तिचे चालणे बिघडत गेले. पाय फाकवून, झोकांड्या देत ती चालते, बोलणे तुटक झाले आहे आणि चहाची कपबशी उचलली की हात थरथरतो. एमआरआयमध्ये अनुमस्तिष्क आकसल्याचे दिसले आहे. तिच्या वडिलांचेही उतारवयात असेच झाले होते, तेव्हा निदान झाले नव्हते. सर्वांत मनाला लागते ते असे की एसटी स्टँडवर लोक तिने दारू घेतली आहे असे समजून बाजूला होतात, आणि एकदा तर कंडक्टरने तिला गाडीत चढू देण्यास नकार दिला. तिला घराबाहेर पडणेच नकोसे झाले आहे. दारू प्यायलेल्या माणसासारखीच चाल का दिसावी? आणि कंप म्हणजे पार्किन्सन, असे जे नातेवाईक म्हणतात, त्यांना काय सांगावे?

रात्रपाळी

पायवाट, आपल्या आईंच्या वाट्याला जे आले ते अनेक रुग्ण सांगतात, आणि ते ऐकून दर वेळी वाईट वाटते. मी चेतारोग विभागात काम करतो, म्हणून निदानाच्या बाजूने लिहितो. आपल्या डॉक्टरांनी केलेल्या तपासणीची जागा हे लिखाण घेऊ शकत नाही, हे कृपया ध्यानात असावे.

चाल सारखी दिसते, कारण दारूचा अंमल अनुमस्तिष्काच्या पेशींवरही होतो. झोकांडी, जड जीभ, डोळ्यांची थरथर ही त्या पेशींच्या तात्पुरत्या बिघाडाची लक्षणे आहेत. पेशी आजाराने झिजल्या तरी बिघडणारे काम तेच असते, म्हणून बाहेरून दिसणारे चित्रही तेच असते. आपल्या डॉक्टरांकडून आजाराचे नाव लिहिलेले मराठीतले छोटे पत्र घेऊन ते आईंच्या पर्समध्ये ठेवावे आणि सोबत काठी द्यावी. आमच्या काही रुग्णांना याचा उपयोग झाला आहे, कारण काठी पाहिली की लोक आजारपण ओळखतात.

पार्किन्सनचा कंप बहुधा हात स्वस्थ मांडीवर असताना असतो आणि हात कामाला लावला की कमी होतो. अनुमस्तिष्काच्या आजारात उलट घडते: हात स्वस्थ असताना शांत असतो, आणि पेल्याच्या जवळ जाईल तसा कंप वाढत जातो. अक्षरातही फरक दिसतो; पार्किन्सनमध्ये अक्षर बारीक होत जाते, तर इथे ते मोठे आणि वेडेवाकडे होते. तपासताना आम्ही रुग्णाला स्वतःच्या नाकाला आणि मग आमच्या बोटाला आळीपाळीने बोट लावायला सांगतो. बोट निशाण्याच्या पलीकडे जाते, मग परत येते, मग पुन्हा हुकते. निरोगी हालचालीत हात पुढे ढकलणाऱ्या स्नायूनंतर त्याला थांबवणारा उलट बाजूचा स्नायू अचूक वेळी आवळला जातो. इथे तो उशिरा आवळला जातो. हेच पाहण्याची आणखी एक तपासणी आहे: रुग्णाला कोपरात हात दुमडून जोराने स्वतःकडे ओढायला सांगायचे, आपण मनगट धरून विरोध करायचा आणि एकदम सोडायचे. निरोगी माणसाचा हात जागीच थांबतो. या रुग्णाचा हात थेट त्याच्याच तोंडावर आदळू शकतो, म्हणून तपासणाऱ्याने आपला दुसरा हात त्याच्या चेहऱ्यासमोर आधीच धरून ठेवायचा असतो.

घराण्यात असा आजार दिसतो तेव्हा आनुवंशिक कारणाचा विचार करावा लागतो, आणि या बाबतीत मुंबईचे नाव जगाच्या वैद्यकीय साहित्यात आदराने घेतले जाते. सर ज. जी. रुग्णालयात काम केलेले डॉ. नोशिर वाडिया यांनी त्यांचे सहकारी डॉ. स्वामी यांच्यासह १९७१ मध्ये नऊ कुटुंबांतल्या अशा आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. झोकांडी जाणारे रुग्ण आधीही पुष्कळांनी पाहिले होते. वाडियांच्या नजरेने टिपले ते त्यांच्या डोळ्यांचे वागणे. आपण एका वस्तूवरून दुसरीवर नजर टाकतो तेव्हा डोळे क्षणार्धात झेप घेतात, पण या रुग्णांचे डोळे तेच अंतर सावकाश सरकत कापत होते. यंत्रे नसताना, खाटेशेजारी बसून केलेल्या निरीक्षणातून एक वेगळा आजार ओळखला गेला. ही मंदता अनुमस्तिष्कामुळे येत नसून पॉन्समधल्या, डोळ्यांच्या झेपेला चालना देणाऱ्या पेशी झिजल्यामुळे येते, म्हणून हा आजार अनुमस्तिष्कापुरता मर्यादित नाही हेही त्यातूनच कळले. १९९६ मध्ये यामागचे जनुक १२ व्या गुणसूत्रावर सापडले. त्यातल्या सीएजी या डीएनएच्या तीन अक्षरांची पुनरावृत्ती बहुतेकांत २२ च्या आसपास असते, आजारात ती तिशीच्या पुढे जाते. हा आजार आज एससीए-२ (स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, प्रकार २) या नावाने ओळखला जातो आणि भारतात आढळणाऱ्या अशा आनुवंशिक आजारांत तो प्रमुख आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असल्यास प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते, आणि पुढच्या पिढीत पुनरावृत्ती वाढून आजार लवकर सुरू होऊ शकतो. म्हणून आपण स्वतः रक्ताची तपासणी करून घ्यायची की नाही, हा निर्णय घाईने घेऊ नये. आधी जनुकीय समुपदेशकांशी बोलावे.

आपल्या आईंना हाच आजार आहे असे मी म्हणत नाही. घराण्याचा इतिहास असला तरी काही सुधारता येण्याजोगी कारणे आधी तपासून बाजूला काढावी लागतात: थायरॉइडची कमतरता, ई जीवनसत्त्वाची कमतरता, फिट्ससाठी घेतल्या जाणाऱ्या फेनिटॉइनचे रक्तातले प्रमाण वाढणे, दीर्घकाळचे मद्यपान.

एक सूचना सर्वांसाठी. असे हळूहळू वाढणारे आजार वेगळे आणि अचानक उद्भवणारी अवस्था वेगळी. एकाएकी जोराची चक्कर, उलट्या, डोक्याच्या मागे तीव्र वेदना आणि आधाराशिवाय उभेच राहता न येणे, असे झाले तर पित्त झाले असेल म्हणून घरी थांबू नये. अनुमस्तिष्कात रक्तस्राव झाला किंवा रक्तपुरवठा तुटला, तर तिथल्या सुजेला पसरायला जागा नसते. पुढची चौथी पोकळी दाबली जाऊन द्रव तुंबतो आणि मस्तिष्कस्तंभावर दाब येतो. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर असे रुग्ण चालत घरी जातात. रक्तपुरवठा तुटल्याचे पहिल्या काही तासांत सीटी स्कॅनमध्ये दिसेलच असे नाही, त्यामुळे स्कॅनमध्ये काही दोष दिसला नाही तरी चालता येत नसलेल्या रुग्णाबाबत पुन्हा विचारावे.

ओंजळ

मी भौतिकोपचारतज्ज्ञ आहे. पायवाट, आईंनी बाहेर पडणे थांबवले आहे हे वाचून काळजी वाटली, कारण या आजारात चालणे थांबले की उरलेली क्षमताही वेगाने जाते. झिजेच्या आजारांतही काही आठवडे नियमाने आणि नेटाने केलेल्या तोलाच्या व समन्वयाच्या व्यायामांनी चालण्यात मोजता येईल अशी सुधारणा होते, असे अभ्यासांतून दिसले आहे. घरी व्यायाम चालू ठेवला तर ती काही काळ टिकते. आजार त्याने थांबत नाही, पण पडणे कमी होते.

व्यायामांमागचे तत्त्व चेतातंतू यांनी सांगितलेल्या होम्स यांच्या रुग्णातच आहे. जे आपोआप होत होते ते आता लक्ष देऊन करायचे आहे, म्हणून हालचाल सुटी करून, सावकाश आणि एका वेळी एकाच सांध्याची करावी. पेला उचलताना आधी कोपर टेबलावर टेकवावे, मग फक्त पुढचा हात हलवावा. खांदा, कोपर आणि मनगट एकदम हलले की तिघांच्या चुका एकत्र होतात. कपबशीऐवजी जड बुडाचा पेला वापरावा आणि तो अर्धाच भरावा. चालताना बोलू नये, आणि आपणही आईंना मागून हाक मारू नये. वळताना जागच्या जागी गिरकी न घेता चार पावलांचा वळसा घ्यावा. न्हाणीघरात आधाराची दांडी बसवावी, आणि साडी किंवा गाऊन घोट्याच्या वर राहील असे पाहावे. जेवताना पाण्याने ठसका लागत असेल, तर गिळण्याची तपासणी वाणीउपचारतज्ज्ञांकडून लवकर करून घ्यावी. हे पुष्कळ घरांत राहून जाते, आणि अन्न श्वासनलिकेत गेल्याने होणारा न्यूमोनिया हा या आजारातला मोठा धोका आहे.

ताई, आपल्या वर्गासाठीही एक सुचवते. पुढच्या पावलाची टाच मागच्या पावलाच्या अंगठ्याला लावत सरळ रेषेत चालणे आणि तळहात उलटसुलट करत दुसऱ्या तळहातावर भराभर थापणे, या अनुमस्तिष्काच्या खऱ्या तपासण्या आहेत. मात्र पाय जुळवून डोळे मिटून उभे राहण्याची जी तपासणी अनुमस्तिष्काची म्हणून सांगितली जाते, ती मुख्यतः सांध्यांकडून येणाऱ्या स्थितीच्या जाणिवेची आहे. अनुमस्तिष्काच्या रुग्णाचा तोल डोळे उघडे असतानाही जातो.

विज्ञानवर्ग

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पुस्तकाचा प्रयोग आज वर्गात केला आणि चष्मा असलेल्या मुलांनी आपापले अनुभव सांगितले. त्यावर त्याच विद्यार्थिनीने आणखी दोन गोष्टी विचारल्या. अनुमस्तिष्काशिवाय माणूस जगू शकतो का? आणि अंदाज बांधणे व चूक सुधारणे हेच त्याचे काम असेल, तर ते विचारांच्या बाबतीतही होत असेल का?

चेतातंतू

दोन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आहेत, दुसऱ्याचे थोडे जपून. २०१४ मध्ये चीनमधल्या डॉक्टरांनी २४ वर्षांच्या एका स्त्रीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तिच्या कवटीत अनुमस्तिष्काच्या जागी केवळ द्रव होता. ती सुमारे सातव्या वर्षी आधाराशिवाय चालू लागली, समजेल असे बोलायला तिला सहा वर्षे लागली, आणि मोठेपणीही तिच्या चालण्याबोलण्यात सौम्य ते मध्यम दोष होता. तरीही तिचे लग्न झाले होते आणि तिला एक मूलही होते. जन्मापासूनच अनुमस्तिष्क नसेल, तर मेंदूचे इतर भाग त्याचे काम बऱ्याच अंशी उचलतात, मात्र त्यांना ते जमायला फार वेळ लागतो. प्रौढ वयात तेच अनुमस्तिष्क अचानक गेले, तर नुकसान याहून कितीतरी जास्त होते.

विचारांविषयी. १९९८ मध्ये जेरेमी श्मामन आणि जॅनेट शर्मन यांनी अनुमस्तिष्काला इजा झालेल्या रुग्णांमध्ये केवळ हालचालींत नव्हे, तर आखणी करणे, भाषा, अवकाशाचे भान आणि भावनांवरचा ताबा यांतही बिघाड होतो, असे दाखवले. अनुमस्तिष्काच्या मध्यभागातली गाठ काढल्यानंतर काही मुलांचे बोलणे काही आठवडे ते महिने पूर्ण थांबते, हेही शल्यचिकित्सकांना ठाऊक आहे. रचनेत याला आधार आहे: गोलार्धांचे बाहेरचे भाग प्रमस्तिष्काच्या अग्रखंडातल्या, हालचालीशी संबंध नसलेल्या क्षेत्रांशीही जोडलेले आहेत, आणि पेशींची मांडणी सगळीकडे जवळपास तीच आहे. त्यावरून तेच काम विचारांवरही होत असावे, असा तर्क करता येतो. परंतु हाताची चूक मिलिमीटरमध्ये मोजता येते; विचाराची चूक म्हणजे काय आणि ती ऑलिव्हमधून येणाऱ्या तंतूला कोण कळवते, हे अजून हाताच्या हालचालीइतके स्पष्ट झालेले नाही. आपल्या विद्यार्थिनीला सांगावे की तिचा हा प्रश्न आजही प्रयोगशाळांमध्ये खुला आहे.